पाटावरचा भाऊ

वहिनींनी जांभळं लुगडं माझ्या हातात ठेवलं आणि चुलीकडं तोंड करून म्हणाल्या, “वन्सं, आज ह्येच नेसायचं. ह्यांनी सांगितलंय.”

“कशापायी?”

“दादा यायल्यात न्हवं का जेवायला. तुमी त्यास्नी ओवाळायचं हाय.”

दादा म्हणजे माझा भाऊ नव्हे. माझ्या भावाला, जालिंदरला, मी अण्णा म्हणायची. दादा म्हणजे माधव कुंभोजकर, सिनेमातले. बाकीच्या नटांवरून आमच्या गावात पोरं एकमेकांची डोकी फोडायची. याला एक आवडायचा, त्याला दुसरा. कुंभोजकरांचं नाव निघालं की भांडण तिथंच मिटायचं. म्हातारी माणसं म्हणायची, पोरगा असावा तर असा, आणि बाया म्हणायच्या, भाऊ असावा तर असा. पडद्यावर त्या माणसानं कधी दारूला हात लावला नाही की कुणाला फसवलं नाही. दर सिनेमात एकदा तरी ते उन्हातान्हात पायपीट करून बहिणीच्या दारात यायचेच. त्या वर्षी आमच्या जत्रेतल्या कुस्त्यांचं मैदान त्यांच्या हातून सुरू व्हायचं होतं. जत्रा कमिटीचा अध्यक्ष अण्णा, म्हणून मैदानाआधीची पंगत आमच्या घरी.

मी लुगड्याची घडी उलगडली आणि लगेच ओळखलं. जांभळा रंग, पदरावर पांढरी वेलबुट्टी. त्यांच्या त्या भाऊबिजेच्या सिनेमात बहीण असलंच लुगडं नेसली होती.

तो सिनेमा मी लग्नानंतर तंबूत पाहिला होता. बापाच्या जमिनीवरून भावाबहिणीत वाद लागलेला असतो, आणि भाऊबिजेला बहीण अचानक घरी येते. भाऊ पाटावर बसतो. ती ओवाळते. तो म्हणतो, “माग बहिणी, काय हवं ते माग. हा भाऊ नाही म्हणणार नाही.” आणि ती म्हणते, “मातीतला वाटा नको रे दादा. माझा वाटा तूच.” त्यावर अख्खा तंबू हुंदके द्यायला लागला. माझ्या शेजारणीचा पदर भिजून गेला म्हणून तिनं डोळे पुसायला माझा ओढून घेतला, आणि तोही आधीच ओला होता. त्या सिनेमानंतर आसपासच्या गावांतल्या किती पोरींनी हेच वाक्य म्हणून बापाच्या जमिनीवरचा हक्क सोडला, देव जाणे. भाऊ मात्र सगळ्यांना सिनेमातलाच मिळाला असं काही झालं नाही.

“वैनी,” मी म्हटलं, “ओवाळून झाल्यावर मी काय म्हणायचं?”

त्यांनी चुलीतलं लाकूड उगाच मागंपुढं केलं.

“वैनी, माझ्याकडं बगा.”

“पिच्चरमधलं म्हणायचं,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “सगळ्या गावाफुडं एकदा म्हटलं की झालं. उद्या तालुक्याला जाऊन सही. मला नगा इचारू वन्सं, मी काय कुणाच्या अध्यात न्हाई आनि मध्यात न्हाई.”

वहिनी वाईट नव्हत्या. घरात वाईट असं कुणीच नव्हतं, आणि खरी पंचाईत तीच होती. नवऱ्यानं दुसरी केली तेव्हा अण्णा स्वतः बैलगाडी जुंपून मला न्यायला आला होता. गोठ्याशेजारची खोली मला दिली. कधी वाकडा शब्द बोलला नाही. वर्षाला दोन लुगडी, दोन वेळचं जेवण. आमचे वडील, बापू, गेल्यावर मी एकदाच विषय काढला की रस्त्याकडचा विहिरीजवळचा तुकडा माझ्या वाट्याला दे, मी तिथं दोन खोल्या बांधीन, दोन म्हशी पाळीन. अण्णा माझ्याकडं बघत राहिला आणि म्हणाला, “तुला हितं काय कमी हाय?”

काय कमी होतं ते मला सांगता यायचं नाही. एकदा माझी शाळेतली मैत्रीण पार लांबून मला भेटायला आली. वहिनी माहेरी गेलेल्या, आणि साखरेच्या डब्याची किल्ली त्यांच्या कमरेला. मैत्रिणीला मी नुसतं पाणी देऊन वाटेला लावलं. हे कमी होतं. पण असलं कारण सांगून जमीन मागितली तर लोक वेड्यात काढतील, म्हणून मी गप्प बसले. आणि अण्णाला तर नेमका तोच रस्त्याकडचा तुकडा पेट्रोल पंपासाठी हवा होता. माझं नाव उताऱ्यावर असेतोवर पंप होणार नव्हता.

त्यानं माझ्यावर जबरदस्ती केली असती तर मी भांडले असते. त्यानं त्याऐवजी दादांना बोलावलं. अण्णाचं डोकं भारी होतं, मानायलाच पाहिजे. अख्ख्या महाराष्ट्राला ज्याला नाही म्हणवत नाही, त्याला ही मालन कुठली नाही म्हणतेय!

मी लुगडं नेसले आणि परसदारी गेले. मनात आलं, असंच मागच्या मागं ओढ्याला उतरावं आणि जत्रा उठेपर्यंत परत येऊच नये. पण परसात भाकऱ्या थापायला बसलेल्या बाया. त्यातली एक ओरडली, “आगं बया, पिच्चरमधली बहीणच उभी ऱ्हायली!” दुसरीनं कानशिलावर बोटं मोडली. “नशीब काढलंस गं मालन. आमचं हात कवा लागायचं त्यांच्या कपाळाला!” मी हसले आणि मागं फिरले. पुढच्या दारात तर गर्दीनं उंबरा दिसत नव्हता. माळवदावर पोरं, झाडावर पोरं. माझ्याच घरातून मला बाहेर पडायला वाट नव्हती, आणि वाट अडवणारा प्रत्येक जण माझं कौतुक करत होता.

दादांना आणायला गेलेली अण्णाची जीप आली. “दादा आले, दादा आले” झालं. कुंभोजकर पडद्यावर दिसतात त्यापेक्षा बुटके निघाले. सदऱ्याची बटणं पोटावर ताणलेली, चेहऱ्यावर प्रवासाचा शीण. पण हसले की तेच ते. म्हाताऱ्यांच्या पाया पडले, पोरांच्या डोक्यावरून हात फिरवला, वहिनींना म्हणाले, “वहिनी, पिठलं असेल तरच जेवणार हां.” वहिनी भारावून गेल्या. पिठलं केलेलंच नव्हतं, ते टाकायला एक बाई धावली.

सोप्यात पाट मांडला होता. शिसवी पाट, चार कोपऱ्यांना पितळी फुलं. आमच्या आज्यानं करून घेतलेला. दर भाऊबिजेला त्यावर अण्णा बसायचा आणि मी ओवाळायची. लग्न होऊन गेले तेव्हाही तेवढ्यासाठी यायचीच. त्या दिवशी अण्णानं स्वतःच्या धोतराच्या सोग्यानं तो पुसला आणि दादांना हाताला धरून बसवलं.

“दादा, ही माझी बहीण मालन. आज माझ्या जागी तुमी तिचं भाऊ,” अण्णा मोठ्यानं म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असं. “तुमी काय मागशील ते माग म्हणायचं, आनि ती काय मागती ते आमच्या गावाला ऐकू द्या.”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. दादाही हसले. गावोगाव हे त्यांचं चालायचंच. बाया ओवाळायच्या, ते वाक्य म्हणायचे, कुणी गाणं मागायचं, कुणी नातवाला मांडीवर घ्या म्हणायचं. त्यांना वाटलं, हेही तसलंच.

मी ताट घेतलं. कुंकू लावलं, अक्षता लावल्या, सुपारी फिरवली, निरांजन ओवाळलं. माझे हात मला माहीत असलेलं काम करत होते. दादांनी खिशातून रुमालात बांधलेलं काहीतरी काढून ताटात ठेवलं, आणि मान वर करून तो आवाज लावला.

“माग बहिणी, काय हवं ते माग. हा भाऊ नाही म्हणणार नाही.”

 झाडावरची पोरंसुद्धा गप्प झाली. आता माझी पाळी होती, आणि माझं वाक्य तिथल्या प्रत्येकाला पाठ होतं.

मी काही बोलले नाही.

“म्हण की गं,” मागून एक बाई कुजबुजली. “मातीतला वाटा नको...”

“लाजली ती,” दुसरी म्हणाली.

“मातीतला वाटा नको रे दादा,” कुणीतरी सुरुवात करून दिली, आणि बघता बघता दहा तोंडं ते वाक्य माझ्यासाठी पुटपुटायला लागली. शाळेत कविता विसरलेल्या पोराला सगळा वर्ग सांगतो तसं.

आमच्याकडं रीत आहे. ओवाळणाऱ्या बाईनं ताट खाली ठेवल्याशिवाय पाटावरच्या माणसानं उठायचं नाही, आणि मागणं मागून ओवाळणी पुरी झाल्याशिवाय बाईनं ताट ठेवायचं नाही. त्यामुळं ते पाटावर अडकले होते आणि मी ताट धरून अडकले होते. माझे दंड भरून आले. निरांजनातलं तूप संपत आलं. अण्णा दाराशी हात जोडून हसत उभा होता, आणि त्याच्या हसण्यातला ताण फक्त मला दिसत होता. मला वाटलं, म्हणून टाकावं. एकच तर वाक्य आहे. सगळ्यांना बरं वाटेल. मला ह्या माणसाचा अपमान करायचा नव्हता. मलाही तो आवडायचा. तंबूत मीसुद्धा रडलेच होते.

दादांनी माझ्या चेहऱ्याकडं नीट पाहिलं. नट माणूस, समोरचा कधी बोलणार आणि कधी बोलणार नाही हे त्यांना कळत असावं. त्यांनी ओठ फारसे न हलवता विचारलं, “बाई, काय भानगड आहे ही?”

“खरंच मागायचं हाय,” मी तशीच हळू म्हणाले. “ती म्हणत्यात ते न्हाई. दुसरं.”

त्यांचा चेहरा एकदम उतरला. हसू होतं तसंच ठेवलेलं, पण डोळ्यांत भीती आली. खोटं कशाला सांगू, मला त्या क्षणी त्यांचा राग आला. जन्मभर सगळ्यांचा लाडका राहिलेल्या माणसाला एक बाई नावडतं काम सांगायला निघाली तर एवढं घाबरायचं? त्यांनी अण्णाकडं पाहिलं, गर्दीकडं पाहिलं, दाराबाहेरच्या जीपकडं पाहिलं. मग पाटावर जरा सरसावून बसले आणि पुन्हा म्हणाले, पण ह्या वेळी सिनेमातला आवाज नव्हता.

“माग. काय पाहिजे ते माग.”

“माझा वाटा द्या,” मी म्हटलं. “रस्त्याकडचा. विहिरीजवळचा.”

कुणीतरी मागं हसलं, मग तेही थांबलं. एक म्हातारी म्हणाली, “आगं, चुकली ती. वाटा नको म्हण.”

“चुकली न्हाई,” मी म्हणाले.

दादांनी डोळे मिटले. उघडले. आणि म्हणाले, “दिला.”

“म्हंजे?” अण्णा पुढं आला. त्याचं हसू अजून तोंडावर होतं, काढायचं विसरलं होतं. “दादा, गंमत पुरं झाली. तुमी कोन देनार आमची जमीन?”

“मी कोण देणार? मी कुणीच नाही,” दादा म्हणाले. “पण जालिंदरराव, तुम्हीच मला बसवलंत ना पाटावर? तुमच्या जागी भाऊ म्हणून, गावासमोर? ओवाळणीत बहिणीनं मागितलेलं नाही म्हणायचं असेल तर आत्ता म्हणा. मी उठतो, तुम्ही बसा. आणि म्हणा.”

अण्णा बसला नाही. नाहीही म्हणाला नाही. अख्ख्या गावासमोर कसं म्हणणार? ज्या जाळ्यात मी होते त्यात तो आला आणि मी बाहेर पडले. ताट खाली ठेवताना माझ्या दंडांना कळा येत होत्या.

मग मात्र गावाचा नूर फिरला. मला वाटलं होतं बाया तरी माझ्या बाजूनं बोलतील. उलट त्याच जास्त चिडल्या. “असला कसला भाऊ? घरात काडी लावून जातुय.” “पिच्चरमधी एक आनि भाईर एक.” ज्यांनी हक्क सोडला होता त्या सगळ्यात मोठ्यानं बोलत होत्या, आणि का ते मला नंतर उमजलं. पंगत मोडली. पिठलं चुलीवरच राहिलं. मैदानाचा नारळ दुसऱ्याच कुणाच्या तरी हातून फुटला. अण्णाच्या जीपची किल्ली सापडेना.

दादा एकटेच रस्त्याकडं चालू लागले. मी मागून गेले. मला आता कोण अडवणार होतं? आणि जेवायला आलेला पाहुणा माझ्यामुळं उपाशी चालला होता. फडक्यात दोन भाकऱ्या आणि चटणी बांधून घेतली होती. विहिरीजवळच्या बांधावर, म्हणजे माझ्याच तुकड्यावर, ते दुधाच्या टेम्पोची वाट बघत बसले होते. ते भाकरी हातावर घेऊन खायला लागले.

“तुमचं नाव खराब झालं आमच्या गावात,” मी म्हटलं. “सगळ्यास्नी आवडायचा तुमी.”

“सगळ्यांना कधीच नव्हतो आवडत,” ते म्हणाले. “एक बाई आहे. तिनं माझा एकही सिनेमा पाहिलेला नाही.”

“कोन?”

“माझी थोरली बहीण.” त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. “तिच्या वाट्याचा मळा विकून मी मुंबईला गेलो. तिनं काही मागितलं नाही आणि मीही विचारलं नाही. ती अजून दर भाऊबिजेला मला ओवाळते. पण सिनेमाला ये म्हटलं की म्हणते, मला बघवत नाही.”

 टेम्पो आला, ते दुधाच्या कॅनांच्या मधे जागा करून बसले आणि गेले. त्यांनी ताटात ठेवलेला रुमाल मी घरी येऊन सोडला. आत चार बडीशेपेच्या गोळ्या होत्या. इतकं हसू आलं, की त्या दिवसात पहिल्यांदाच मला रडू फुटलं.

मी सही केली नाही. पुढं मी केलं ते एवढंच. मोजणी झाली, तुकडा नावावर झाला, दोन खोल्या उभ्या राहिल्या. अण्णाच्या घरातून निघताना मी माझी ट्रंक घेतली आणि तो पाट. पाट कुणाचा हे कुणी विचारलं नाही. अण्णा त्या दिवसापासून माझ्याशी बोलायचा बंद झाला. भाऊबीज आली की मी उंबऱ्यात बसून रस्ता बघायची, आणि तो समोरच्या पाणंदीनं मान खाली घालून जायचा. त्याच्या घरात कुंभोजकरांचा सिनेमा लागला की टीव्ही बंद व्हायचा, असं वहिनी सांगायच्या.

मग वहिनी गेल्या. पोरं पुण्याला. अण्णाचे गुडघे गेले, चूल पेटवायला घरात कुणी नाही. मी दुपारचं ताट घेऊन जायला लागले. त्याच्यापुढं ठेवायची, तो मुकाट्यानं जेवायचा, मी ताट घेऊन परत यायची. वर्षं गेली अशी. म्हाताऱ्या बहीणभावांना न बोलता वाढायला-जेवायला फार जागा लागत नाही.

गेल्या पावसाळ्यात एका दुपारी ताट घेऊन गेले तर टीव्हीवर दादांचा फोटो, फोटोला हार. बाई सांगत होती की कुंभोजकर गेले. मी दारातच थांबले. ती बाई म्हणाली, “ज्यांना माधव कुंभोजकर आवडत नाहीत असा एकही माणूस महाराष्ट्रात सापडणार नाही.”

“खोटं बोलती,” अण्णा म्हणाला.

मी दचकले. किती काळानं त्याचा आवाज माझ्या बाजूला वळला होता. म्हातारा, घोगरा झालेला.

“मला न्हाई आवडत त्यो,” तो टीव्हीकडंच बघत म्हणाला. “कवाच न्हाई आवडला.”

“पंप हुकला म्हणून?” मी विचारलं.

त्यानं मान हलवली. बराच वेळ हलवत राहिला.

“पंपाचं काय घिऊन बसलीस मालन? माझ्या पाटावर बसला हुता त्यो. तू मागितलंस, आनि दिलं त्येनं. मला द्यायचं हुतं म्हणत न्हाई मी. माझ्या मनात द्यायचं न्हवतंच. पर देनारा भाऊ म्हणून सगळ्या गावानं बघितला त्यो, आनि पाट माझा हुता.”

मी ताट खाली ठेवलं. भाकरी गार होत होती. मला वाटलं होतं, इतक्या वर्षांत त्यानं माझ्यावर राग धरला असेल. तो राग माझ्यावर नव्हताच.

“पाट हाय अजून,” मी म्हटलं. “एका कोपऱ्याचं फूल निघालंय. बाकी धड हाय.”

 त्यानं पहिला घास मोडला, तो हातातच धरून बसला, आणि मग टीव्हीवर कुंभोजकर अजून हसत असतानाच म्हणाला, “माझं गुडघं वाकत न्हाईत गं. पाटावर बसायचं कसं?”

“बसवती मी हाताला धरून,” मी म्हटलं. “दिवाळीला अजून येळ हाय. आदी जेव.”